काजळीचा खुराक

बळवंत कंपाउंडरनं सिरिंज उजेडाकडं धरून टिचकी मारली, सुईच्या टोकावर थेंब आणला, आणि आबांनी काजळीचा डावा पाय दोन बोटांत धरून हळूच ताणला. नेमकी त्याच वेळी मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले. विचार करायला सवडच नव्हती. पुढं झेप घेतली आणि बळवंतच्या मनगटावर असा फटका हाणला, की सिरिंज कठड्यावरून पलीकडं गेली आणि खालच्या पत्र्यावर खळ्ळकन वाजली.

आबा माझ्याकडं बघतच राहिले. आमच्या पेठेत येसबा वस्तादांसमोर मोठ्यानं शिंकायची कुणाची टाप नव्हती. तालमीतली दांडगी पोरं त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं सरळ व्हायची. आणि इथं पोटच्या पोरीनं त्यांच्या डोळ्यांदेखत वडीलधाऱ्या माणसावर हात उचलला होता.

“वने, डोकं फिरलंय का तुझं?”

“पाखराच्या पायात सुई मारायची न्हाई, आबा.” धापेनं मला धड बोलता येईना. “पायात तर मुळीच न्हाई.”

बळवंत मनगट चोळत कुरकुरायला लागला. जनावरांच्या दवाखान्यात त्याचा जन्म गेलेला. दिवसा म्हशी-बैलांना टोचायचं आणि संध्याकाळी तालमीत येऊन पैलवानांना. आबांच्या गुडघ्यात कळ आली, की हेच औषध तो त्यांच्या मांडीत भरायचा. आजवर एका म्हशीनं तक्रार केली नाही, एका पैलवानानं केली नाही, मग ह्या कबुतराला काय सोनं लागलंय का, असं त्याचं म्हणणं.

ही गोष्ट कोल्हापुरातली, फार वर्षांपूर्वीची, ऐन मे महिन्यातली. मी तेव्हा जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होते आणि सुट्टीला घरी आले होते. वर्गात काही पहिली-बिहिली नव्हते. पण तोंडाला कुलूप नव्हतं आणि राग नाकावर, तो आबांकडूनच आलेला. घरात पाय ठेवला तर आई एकटीच. आबा कुठं विचारलं, तर म्हणाली, वर दस्तगीरच्या गच्चीवर, त्या काजळीचा पाय मुरगळलाय म्हणून बळवंताला सुई घेऊन नेलंय. मी पिशवी तिथंच टाकून पळत सुटले. त्याच वर्षी आमच्या सरांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, की पाखराच्या पायात सुई मारणाऱ्याला मी पास करणार नाही.

आता काजळी कोण, ते सांगते. आमच्या शेजारी दस्तगीर नदाफ राहायचे, गाद्या भरण्याचं दुकान. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आबांचे लहानपणापासूनचे सोबती. चाचांना कबुतरांचा नाद. गच्चीवर लाकडी खुराडी, त्यांत गिरेबाज जातीची कबुतरं, आणि त्या सगळ्यांत काजळी म्हणजे त्यांचा जीव. पांढरीशुभ्र मादी, डोळ्यांभोवती काजळ घातल्यागत काळी कड. सकाळी सोडली की एवढी वर जायची, की आख्खी पेठ माना मोडून आभाळात टिपका हुडकत बसायची. चाची म्हणायची, मी आणि काजळी एकदम बुडायला लागलो, तर हे आधी विचार करायला वेळ मागतील.

त्या वर्षी चाचा-चाची हजला गेले. जाताना चाचांनी गच्चीची किल्ली आबांच्या हातात दिली आणि म्हणाले, “येसबा, बाकी काय बी गेलं तर जाऊ दे. काजळी तेवढी अमानत समज.” आबांनी किल्ली कपाळाला लावली. पाखरांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण शब्द दिला म्हणजे दिला. चाचा येत्या शुक्रवारी परत येणार होते. आणि काजळी खोक्यात एका कुशीवर पडून होती, डावा पाय लुळा, त्या पायाला आबांनी उदबत्तीच्या काड्यांची पट्टी बांधलेली. वस्ताद माणूस, सगळ्या पेठेची हाडं बसवायचे, त्यांनी काजळीच्या पायालाही तेल लावून रोज मालीश केलं होतं. बिचारी अजून जिवंत होती हेच नवल.

“पायात मारली तर काय होतं, ते तरी सांग,” आबा म्हणाले. आवाज खाली होता, म्हणजे रागाची हद्द झाली होती.

मी खाली बसले. “तुमच्या मांडीत औषध टोचलं, की ते रक्तातनं आधी काळजाकडं जातं, आबा. काळीज ते सगळ्या अंगाला वाटतं. मूत्रपिंडाला त्यातला त्याचा वाटा तेवढा येतो. म्हशीचं तसंच, बैलाचं तसंच. पाखराचं वेगळं. त्याच्या पायाकडनं परत निघालेलं रक्त काळजाकडं जाताना वाटेत मूत्रपिंडात शिरू शकतं. तिथं एक झडप असते, कधी उघडी, कधी बंद. आपल्या हातात काय न्हाई. म्हणजे तुम्ही पायात भराल ते औषध, कडकच्या कडक, आधी मूत्रपिंडावर जाऊन पडायचं.”

“पडू दे की,” बळवंत म्हणाला. “दुखणं पायात हाय. मूत्रपिंडाचा काय संबंध?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. काय संबंध? संबंध होता! गेल्याच सत्रात आम्ही कोंबडी उघडून बघितली होती. पायाकडं जाणारी नस पांढऱ्या दोऱ्यासारखी कण्यातनं निघते, आणि पाखरांत ती नस मूत्रपिंडाला वळसा घालून जात नाही. मूत्रपिंडाच्या आरपार, त्याच्या मांसातनं जाते. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं, वहीत चित्र काढून त्याखाली दोन रेघा मारून मोकळी झाले होते. आता अंगावर काटा आला.

“आबा, हिचा पाय मुरगळलाच न्हाई,” मी म्हणाले. “पायाला काही झालंच न्हाई. मूत्रपिंड सुजलंय. ते नसेवर दाबतंय, म्हणून पाय लुळा पडलाय.”

बळवंत खो खो हसला. आबा हसले नाहीत, पण त्यांनी मान फिरवली. आयुष्यभर हाडं बसवलेल्या माणसाला त्याची पोरगी सांगत होती, की तुम्ही पाय चोळलात आणि रोग पाठीत होता.

मी उदबत्तीच्या काड्या सोडल्या. पाय चाचपला. कुठं सूज नाही, गाठ नाही, हाड अख्खं. काजळीच्या उजव्या पंजात बोट घातलं तर तिनं घट्ट आवळलं. डाव्या पंजात घातलं तर काहीच नाही. मग मी तिच्या खुराड्याचा तळ बघायला लागले. बळवंत म्हणाला, आता ही शीट तपासणार.

“आबा, पाखराची लघवी बघितलीय कधी?”

“पाखरू कुठं लघवी करतंय?”

“करतं की. शिटेतला हा पांढरा भाग असतो ना, तीच. आपलं मूत्रपिंड रक्तातली घाण पाण्यात विरघळवून बाहेर टाकतं, म्हणून आपल्याला पिशवी लागते, तांब्या-तांब्यानं पाणी लागतं. पाखरानं एवढं पाणी घेऊन उडायचं कसं? ते घाण चुन्यासारखी घट्ट करून टाकतं. पिशवी न्हाई, ओझं न्हाई. पण ती घाण फार झाली आणि पाणी अगदीच कमी पडलं, तर तो चुना बाहेर येतच न्हाई. आतच साचतो.”

खुराड्याच्या तळाला हिरवं-तपकिरी असं काही जवळजवळ नव्हतंच, सगळा नुसता पांढरा लगदा. माझं काळीज धडधडायला लागलं. भीतीनं म्हणावं तर भीतीही होती. पण खरं सांगते, त्याहून जास्त दुसरंच काहीतरी होतं. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांपुढं पहिल्यांदाच खरं होत होतं आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

“खायला काय घालताय हिला?”

“चांगलंचुंगलं,” आबा म्हणाले आणि कठड्यापलीकडं बघायला लागले.

चांगलंचुंगलं! मला आईच्या गेल्या पत्रातली कुरकुर आठवली. या महिन्यात बदाम कुठं जातायत देव जाणे, असं लिहिलं होतं तिनं. मी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात पितळी वाटी होती, तळाला थंडाईचा साका. शेजारी उकडलेल्या अंड्याचा बलक, भिजवलेले हरभरे. हा तर सगळा पैलवानाचा खुराक होता. आबांनी काजळीला तालमीतल्या पोरासारखं खुराकाला लावलं होतं. काजळीला आणि तिच्या जोडीच्या नराला, सुभेदाराला. रोज चोच उघडून, बदाम-अंड्याच्या बारीक गोळ्या करून भरवत होते.

“आणि पाणी कुठाय? पाण्याचं भांडं दिसत न्हाई.”

“उडून आल्यावर पाणी?” आबा माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मीच वेडी. “मेहनत झाल्यावर पाणी प्यालं की छाती भरते. अंग गार पडतं. दुपारनंतर देतो की घोटभर.”

तालमीतली रीतच ती. जोर-बैठका झाल्यावर घाम जिरेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. शिवलं तर वस्ताद पाठीत धपाटा घालणार. मे महिन्याच्या उन्हात आभाळात तास न् तास उडून आलेल्या पाखराला आबांनी, मायेनं, शिस्तीनं, तहानलेलं ठेवलं होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात वरच्या फळीवरनं धप्प आवाज झाला. सुभेदार खाली पडला होता. मी उचलला तेव्हा त्याची मान हातावरनं लोंबली.

बळवंतनं टोपी काढली.

“मला ब्लेड पाहिजे,” मी म्हणाले.

“दस्तगीरचं पाखरू फाडायचं न्हाई.”

“आबा, आत काय झालंय ते बघितलं न्हाई, तर काजळीला मी अंदाजानं औषध देणार. माझा अंदाज चुकला असेल. मी अजून डॉक्टर न्हाई. ही एकच जागा आहे बघायची.”

आबांनी सुभेदाराची लोंबती मान बोटानं सरळ केली. मग त्यांनी बळवंताला आमच्या घरनं दाढीचं नवं पातं आणायला पाठवलं.

चाचांच्या गच्चीवर, दगडी पाट्यावर मी सुभेदाराला उताणं ठेवलं. पोट उघडलं, आणि पहिल्या नजरेलाच कळलं. काळजावरच्या पातळ पडद्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. काळजाशेजारच्या यकृतावरही तसाच. आतडी बाजूला सारली. आपली मूत्रपिंडं कशी पोटात सुटी असतात, दोन मोठ्या घेवड्यांसारखी. पाखराची तशी नसतात. पाठीच्या हाडाच्या खोलगट घळीत, दोन्ही बाजूंना, तीन-तीन तुकड्यांत चेपून बसवलेली असतात, काळपट लाल. सुभेदाराची घळीत मावत नव्हती. फुगून वर आली होती, फिकट, आणि सगळ्या मांसातनं बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं. पात्याच्या टोकानं मी मधला तुकडा हळूच उचकटला. पांढरी नस कण्यातनं निघून त्या सुजलेल्या मांसात शिरत होती आणि पलीकडून पायाकडं निघत होती.

“हे बघा!” मी ओरडलेच. “हे बघा आबा, आरपार!”

मला आनंद झाला होता. मेलेलं पाखरू पुढ्यात, शेजारी दुसरं मरायला टेकलेलं, आणि मला आनंद झाला होता. त्याची आजही लाज वाटत नाही. त्या क्षणी मला कळलं, की मी ह्याच कामासाठी जन्मले आहे. बळवंत गुडघे टेकून माझ्या खांद्यावरनं बघत होता आणि आयला, आयला म्हणत होता. त्यानं उभ्या जन्मात म्हशी फाडलेल्या बघितल्या होत्या, पण हे नाही.

आबा मात्र उभेच होते. त्यांनी त्या पांढऱ्या थराकडं बोट केलं.

“हे बदामानं झालं?”

“बदाम, अंडं, हरभरं, असल्या खाण्यातनं जी घाण होते, तिचा हा चुना. एवढं खाऊनही पाणी भरपूर असतं, तर कदाचित निभावलं असतं. तुमच्या तालमीतलं पोरगं असतं तर सगळं मुतून मोकळं झालं असतं. हे पाखरू आहे, आबा.”

“म्हणजे मी केलं.”

त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. मला तसलं सुचत नाही, तेव्हाही नाही आणि आताही. “व्हय,” मी म्हणाले.

आपली पाठ कधी कुणाला मातीला लावू न दिलेला माणूस मटकन खाली बसला. मग म्हणाला, “काजळीचं सांग. काय करायचं?”

करायचं एवढंच होतं. पाणी. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं कोमट पाणी, ड्रॉपरनं, श्वासनळीत न जाईल असं बाजूनं, थोडं थोडं, सारखं सारखं. खायला नुसती बाजरी आणि ज्वारी. उन्हातनं हलवून सावलीत. आणि मालीश बंद. बळवंत विचारत होता, सुई कुठली आणू. मी म्हटलं, सुई कुठलीच नाही. तसं त्याला पटलं नाही, पण तासाभरानं तो दवाखान्यातनं ड्रॉपर घेऊन आला आणि मनगट दाखवून म्हणाला, अजून दुखतंय हं पोरी.

वाचेल का, असं आबांनी विचारलं. ठाऊक नाही, असं मी सांगितलं. शुक्रवारपर्यंत आतला चुना सुटायला लागला तर वाचेल. नाही सुटला तर चाचांना रिकामा खोका दाखवायचा.

मग आबांनी तालमीचं तोंड बघितलं नाही. पोरं बोलवायला यायची, आबा जिन्यावरनंच त्यांना हाकलायचे. त्यांच्या एवढ्या मोठ्या पंजात काजळी अख्खी मावायची. दुसऱ्या हातात तो इवलासा ड्रॉपर, आणि चोचीच्या कडेला थेंब लावताना त्यांची जीभ दातांत. पहिल्यांदा त्यांनी एवढ्या जोरात दाबलं की सगळं काजळीच्या डोळ्यात गेलं. मी चिडले. आबा मुकाट्यानं ऐकून घेत होते, हेच मला सोसत नव्हतं.

बुधवारच्या दुपारी आम्ही दोघं तिथंच पत्र्याच्या सावलीत बसलो होतो. काजळीनं त्या दिवशी ज्वारीचे चार दाणे टिपले होते, पण उठत नव्हती. पाण्याचं भांडं पुढं केलं तरी मान वळवायची. मी आबांना सहज विचारलं, की तुम्हाला पाखरांचं काही कळत नाही, चाचांनी बाजरी घाल म्हणून सांगितलं होतं, मग हे बदामाचं कुठनं डोक्यात आलं.

आबा ड्रॉपर पुसत राहिले. मग म्हणाले, “दस्तगीर माझ्यापेक्षा चांगला पैलवान होता. तुला ठाऊक न्हाई. कुणाला ठाऊक न्हाई आता. एका तालमीत, एका मातीत होतो आम्ही. मला घरनं दूध यायचं, बदाम यायचे, आज्जी तुपाचा डबा पाठवायची. त्याच्या घरी चटणी-भाकरीचेबी वांधे. माझ्यासमोर बसायचा. मी खायचो. एकदा चक्कर येऊन पडला मातीत, तिथनं पुढं तालमीत आलाच न्हाई. वस्ताद म्हणाले, खुराक न्हाई तर कुस्ती न्हाई.”

काजळीनं डोळे मिटून घेतले होते. आबा तिच्या पाठीवरनं बोट फिरवत होते.

“चार बदाम त्याच्या हातावर ठेवावेत, असं माझ्या मनात आलं न्हाई वने. शपथेवर सांगतो, एकदाबी आलं न्हाई. तो बी कधी बोलला न्हाई. आता त्याचं पाखरू हातात घेतलं, ते हलकं लागलं.”

मी उठून ज्वारी निवडायला लागले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते आबांना दाखवायचे नव्हते.

शुक्रवार उजाडला. गुरुवारी संध्याकाळी काजळीच्या शिटेत हिरवट भाग परत दिसायला लागला होता, आणि मी गच्चीवर नाचले होते. पण सकाळीही ती कुशीवरच होती. डावा पाय तसाच. खाली बोळात गर्दी झाली, हार आले, चाचांची जीप कोपऱ्यावर आली तसा एकच गलका उठला. सगळी पेठ आलिंगनं द्यायला गेली. आबा गेले नाहीत. खोक्याशेजारी मांडी घालून बसून राहिले. मी म्हटलं, आबा, मी सांगते चाचांना, मला बोलता येतं. ते म्हणाले, तू गप बस.

“येसबा कुठाय?” खालनं चाचांचा आवाज आला, आणि मग जिन्यावर पावलं. मागं अर्धा बोळ. चाचांचं डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, ऊन लागून चेहरा काळवंडलेला, खांद्याला शबनम पिशवी. वर आले ते हसतच. मग त्यांना सुभेदाराची रिकामी फळी दिसली, खोका दिसला.

आबा उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काही राखलं नाही. बदाम सांगितले, अंडं सांगितलं, पाणी तोडलं तेही सांगितलं. “सुभेदार माझ्या हातनं गेला. हिचा पाय माझ्या हातनं गेला. तू अमानत दिलीस आणि मी ही अशी केली, दस्तगीर. माझ्या तोंडात मार.”

चाचा खाली बसले. काजळीला हातात घेतली, छातीवरची पिसं फुंकून बघितली, पंख उघडून बघितला, लुळा पाय बोटावर तोलून बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

“बदाम?” चाचा म्हणाले. “हिला बदाम घातलास? लेका येसबा, मला न्हाई कधी घातलेस.”

आबांच्या तोंडावर कुणी तरी चापट मारावी तसं झालं. चाचांनी ते बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. त्या दोघांनी त्या वेळी काय बोलून घेतलं, ते आम्हा कुणाला ऐकू आलं नाही, कारण ते एक अक्षरही बोलले नाहीत.

मग चाचा माझ्याकडं वळले. “बेटी, तू औषध काय देतीयास?”

“पाणी,” मी म्हणाले. “नुसतं पाणी, चाचा. पण आपणहून पीत न्हाई अजून.”

चाचांनी काजळीला खाली ठेवलं, शबनममधनं एक छोटी प्लॅस्टिकची बाटली काढली. झाकणाला मेण लावलेलं. जिन्यावरच्या लोकांत कुजबूज झाली, कारण सगळे त्याच्याचसाठी थांबले होते. मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी, घोट-घोट सगळ्यांना वाटायचं. चाचांनी मेण नखानं काढलं आणि मातीच्या भांड्यात पाणी ओतायला लागले.

“अरे, आधी माणसांना तरी,” मागनं त्यांचे एक म्हातारे मामू म्हणाले.

“माणसं काय, नळाचंही पितील,” चाचा म्हणाले आणि भांडं काजळीपुढं सरकवलं.

काजळीनं मान फिरवली. तिनं परत मान इकडं केली, पाण्याकडं एका डोळ्यानं बघितलं. पंख थोडे पसरले, उजव्या पायावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, कलंडली. आबांचा हात पुढं झाला आणि चाचांनी तो मनगटाला धरून मागं ओढला. काजळी परत उठली. या वेळी तोल जायला लागला तसा तिनं डावा पाय खाली टेकवला. बोटं पसरली. पंजानं फरशी धरली. मग ती वाकली, चोच नाकापर्यंत पाण्यात बुडवली, आणि कबुतरं पितात तशी मान वर न करता, घटाघटा, एका दमात पीत राहिली.

“टेकला!” बळवंत जिन्यावरनं ओरडला. “पाय टेकला गा वस्ताद!”

आबांनी काही ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही त्यांना भान नव्हतं. चाचांनी बाटलीत उरलेलं पाणी बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि बाटली आबांपुढं धरली.

आबांनी देवळात तीर्थासाठी करतात तसा उजवा तळवा खोलगट करून पुढं केला. चाचांनी त्यावर पाणी घातलं. आबा ते प्यायले, आणि ओला हात डोक्यावरनं मागं फिरवला.